लिंब माझ्याकडे होता

बिडवई मास्तरांचं गाढव नऊ वर्षं
जालन्याच्या वेशीत उभं होतं.
दर गुरुवारी चार चौकटी:
कुंभार ओढतो, कुंभार ढकलतो,
कुंभार पाया पडतो,
आणि चौथीत गाढव तिथंच,
कुंभार त्याच्या सावलीत घोरत पडलेला.
मोंढ्यातले हमाल साप्ताहिक मागच्या पानापासून उघडायचे.
ज्यांना वाचता येत नव्हतं तेही.

मी दगड घासायचो, शिळाछापाचा.
मागच्या गुरुवारचं गाढव वाळूपाण्यानं पुसायचं,
पुढच्यासाठी दगड कोरा.
मजुरी हाली चार आणे
आणि मास्तरांच्या डब्यातली अर्धी भाकर.

मग तंबूत ते पाहिलं,
दोन मोठ्या रिळांच्या मधे, वेळ काढायला लावलेलं.
परदेशातल्या कुण्या वर्तमानपत्रवाल्याचा शाईचा माणूस
चौकटीची कड दोन्ही हातांनी वाकवून
बाहेर उतरला.
टोपी उचलली. आवाज नाही.
लोक हसले. मास्तर हसले नाहीत,
रस्ताभर बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
मशिदीपाशी थांबून म्हणाले,
"लतीफ, दोन चौकटींमधली पांढरी पट्टी
आपण फुकट सोडत होतो रे."

एका उचकीला सोळा कागद.
दोन मिनिटं म्हणजे एकोणीसशे वीस.
पतंगाचा कागद, खोक्यावर खिडकीची काच, खाली कंदील,
कागद सरकू नये म्हणून पाटाला दोन खिळे.
गाढव मास्तरांकडे.
न हलणारं सगळं माझ्याकडे:
वेस, जमिनीची रेघ, आणि एक लिंब.
"जसाच्या तसा गिरव. केसभर इकडंतिकडं नको."
दगडावर उलटं काढायची मास्तरांची सवय,
पहिले चाळीस कागद गाढव गावाबाहेर जायचं सोडून
गावातच शिरत होतं.
ते चाळीस चुलीत गेले.
त्यांच्यासोबत माझे चाळीस लिंब.

मे महिना. कुंडलिकेत नुसती वाळू.
मोंढ्यामागच्या तंबूत माणसावर माणूस,
कनात सुद्धा हलत नव्हती.
पडद्यावर गाढवानं पाय उचलला.
थोडे हसले. कुणी शीळ घातली.
मास्तरांनी माझं मनगट घट्ट धरलेलं.
तेवढ्यात मागून जिनिंगमधला एक जण ओरडला,
"आरं, वारं सुटलं बघा!"

लिंब थरथरत होता.
पान, खोड, वेस, जमीनसुद्धा,
जे जे गप उभं राहायचं होतं ते सगळं.
बारा वर्षांच्या हाताची केसभर चूक
एकोणीसशे वीस वेळा.
लोकांनी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या.
एका बाईनं घामेजलेलं लेकरू उचललं
आणि पडद्याकडं तोंड करून धरलं.
गाढव वेशीबाहेर पडलं
ते कुणी पाहिलं नाही.

मास्तरांनी मनगट सोडलं.
कुंभारवाड्यापर्यंत एक शब्द नाही,
मग एवढंच, "कामून हललं रे ते?"
मला सांगता आलं नाही.
गुरुवारी गाढव परत वेशीत होतं,
लिंबापाशी जागा मोकळी.
तिथं वाऱ्याच्या तीन रेघा
त्यांनी मला काढायला लावल्या.
उलट्या.

रीळ तंबूवाल्यानं पुढं टिकल्यांच्या कारखान्याला विकलं म्हणे.
एका तुकड्यात चार-पाच टिकल्या निघत असतील,
कुणाच्या कपाळावर खूर गेला असेल,
कुणाच्या कपाळावर पान.

आता बँकेत माझी सही जुळत नाही.
काचेमागची पोरगी म्हणते,
"चाचा, पुन्हा करा, आधीसारखी."
मी करतो. ती दोन्ही कागद शेजारी शेजारी धरते,
मान हलवते. आणखी एक कागद सरकवते.
मी तिला म्हणत नाही,
की बाई, सोळा होऊ दे,
मग बघ.